देवस्थळींची पक्की मतं

आयसेलिन, न्यू जर्सी
१३ जानेवारी १९८५

चि. उत्तरा हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर तू मध्येच हसतेस, म्हणून पत्र. मी निवडणुकीला उभा राहिलो आहे. आमच्या टाउनशिपच्या स्कूल बोर्डाच्या. एकच जागा आहे, मतदान दोन एप्रिलला. (आता हसून घे.)

कारण तुला अर्धं माहीत आहे. सुमेधाचा जन्म इथल्याच हॉस्पिटलातला. नऊ वर्षांत तिला मराठीतले 'पाणी' आणि 'नको' एवढे दोन शब्द आले आहेत. तरी सप्टेंबरपासून शाळेने तिला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या वर्गात बसवलं आहे, कारण फॉर्मवरचं नाव. मी शाळेला तीन पत्रं लिहिली. शेवटी डिसेंबरात बोर्डाच्या सभेला गेलो. तिथे नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. टेबलावर अंडी उकडताना लावतात तसलं टायमर ठेवलेलं असतं. मी नाव सांगितलं. त्यांनी ते परत विचारलं. मी परत सांगितलं. मग पत्ता सांगितला, मुलगी कुठल्या वर्गात आहे ते सांगितलं, आणि "बट" म्हणालो तेवढ्यात टायमर वाजलं. अध्यक्ष मिस्टर डॉनली म्हणाले, "थँक यू, सर. नेक्स्ट." बोर्डाच्या सभासदांना टायमर नसतं. ते मी निघताना विचारून घेतलं.

डॉनली विम्याचे एजंट आहेत आणि बारा वर्षं बोर्डावर आहेत. या वर्षी त्यांचीच जागा निवडणुकीला आहे. मागच्या खेपेला ते पाचशे चाळीस मतांत निवडून आले. इकडे या निवडणुकीला कोणी फारसं फिरकत नाही. आता आपल्या गणपतीच्या यादीवर तीनशे अठरा घरं आहेत. घरटी दोन मतं धरली तर सहाशे छत्तीस. मी मैलापाण्याच्या प्रकल्पावर वीस वर्षं काढलेला माणूस आहे, आकडे मला कळतात. ही निवडणूक जिंकून झालेली आहे, फक्त व्हायची राहिली आहे.

तरी गाफील राहू नये. तू दिवाळीत म्हणाली होतीस की तुमच्या लायब्ररीत कुणा इंग्रज उमेदवाराची निवडणुकीतली पत्रं आली आहेत. तो काय लिहायचा, कुणाला लिहायचा, ते कळव. आपल्या आजोबांपासून देवस्थळींत कोणी कशावर निवडून आलेलं नाही, त्यामुळे घरात विचारायला कोणी नाही. पत्रं पद्मजा लिहिणार आहे. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे असं ती म्हणते.

तुझा,
हेमदादा


ॲन आर्बर, मिशिगन
२४ जानेवारी १९८५

प्रिय हेमदादा,
सा. नमस्कार.

हसले. पलीकडच्या टेबलावरच्या प्रोफेसरांनी मान वर करून पाहिलं. आता गंभीर झाले आहे.

माझ्या माणसाचं नाव एडमंड वॅडलो. १९०६ साली लिबरल पक्षातर्फे इंग्लंडातल्या एका कापडगिरण्यांच्या गावातून उभा राहिला. त्याची सात खोकी आमच्याकडे आली आहेत. एकेक कागद काढायचा, वाचायचा आणि त्याची एका ओळीत नोंद करायची, हे माझं काम. बाहेर सायकल बर्फात गाडली गेली आहे, तेव्हा आत बसून वॅडलोसाहेबांची टपालं वाचण्यात तसं दुःख नाही. मात्र ज्या लोकांनी आपल्यावर दीडशे वर्षं निवडून न येता राज्य केलं, त्यांच्याकडून निवडणूक शिकायची कल्पना तुलाच सुचू शकते.

एका मतदाराने त्याला विचारलं होतं की कुत्र्यांच्या तोंडाला जाळी बांधण्याबद्दल आपलं मत काय. त्यावर दोन पानी उत्तर आहे. मी ते तीनदा वाचलं. तो कुत्र्यांच्या बाजूचा की विरुद्ध, हे मला अजून कळलेलं नाही. निवडून आला.

एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. नऊशेच्या वर पत्रं आहेत आणि एकही छापील नाही. सगळी हाताने लिहिलेली, आणि प्रत्येकात असं एक वाक्य आहे जे फक्त त्याच माणसाला लिहिता येईल. कुणाच्या गल्लीतला चिखल, कुणाच्या आईचा गुडघा. माणूस मोठा प्रेमळ असावा. वहिनीला हे सांग. तुला सांगून उपयोग नाही, तू गुडघ्यांची सरासरी काढशील.

सुमेधाला त्या वर्गात बसवलं याचा मला फार राग आला आहे. जिंक.

तुझी,
उत्तरा


आयसेलिन
१० फेब्रुवारी १९८५

चि. उत्तरा हिस,
अ. आ.

काल घरी सभा झाली. सभा म्हणजे जेवण. चाळीस माणसं येणार होती, त्रेपन्न आली. पद्मजाने मसालेभात केला होता. उल्हास प्रधान, म्हणजे आमचे हार्ट स्पेशालिस्ट, त्यांनी बसल्या जागेवरून भाषण केलं. "हेम, यार, तू उभा राहिलास हेच फार मोठं आहे. वी आर ऑल बिहाइंड यू. आमची घरातली सगळी मतं तुझी, डोंट इव्हन आस्क." त्यांच्या पत्नी नंदाताई म्हणाल्या, "ऑफ कोर्स! आणि पद्मजा, भातात लवंग सुंदर लागलीय गं." टाळ्या झाल्या. त्या मला होत्या की भाताला, हे ठरवता आलं नाही.

प्रत्येकाने जाताना दारात माझा हात हातात घेऊन "नक्की" म्हटलं. ओक ट्री रोडवरच्या साडीच्या दुकानदाराने तर माझं पोस्टर काचेत लावलं आहे. मी वहीत खुणा केल्या. पक्की मतं आता पाचशे ऐंशीच्या वर गेली आहेत. डॉनलीसाहेबांची कीव येऊ लागली आहे. पंधरा दिवसांपूर्वी ती येत नव्हती.

तुझा गुडघ्याचा मुद्दा पद्मजाला सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. टाउनशिपच्या ऑफिसातून मतदारयादी आणली आहे, जाडजूड आहे. ती पद्मजाकडे दिली. घरातले सगळे कागद तिच्याकडेच असतात, मला ड्रॉवर उघडायची कधी वेळ येत नाही. रोज दुपारी ती आपल्या लोकांना पत्रं लिहिते. तिकिटांची तीन भेंडोळी संपली. इतकी पत्रं आपल्या लोकांना कशाला, ते तर पक्केच आहेत, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "असू देत."

तुझा,
हेमदादा


ॲन आर्बर
२० फेब्रुवारी १९८५

प्रिय हेमदादा,
सा. न.

वॅडलोच्या एजंटाची एक लाल वही आज हाती लागली. गावातल्या प्रत्येक घरापुढे खूण आहे: पक्का, विरुद्ध किंवा सांगता येत नाही. तुझ्यासारखीच. शेवटच्या पानावर त्याने उमेदवाराला लिहिलं आहे, ते जसंच्या तसं देते: "साहेब, अनुभव असा आहे की ज्यांचं नाव मतदारयादीत नसतं, त्यांची आश्वासनं सर्वांत प्रेमळ असतात."

म्हणून सहज विचारते. गणपतीची यादी आणि मतदारांची यादी या दोन वेगळ्या याद्या आहेत ना? मी इथे आठ वर्षं आहे आणि माझं नाव कुठल्याच मतदारयादीत नाही, कारण मी ग्रीनकार्डवाली. उल्हासकाका मला पहिल्यांदा भेटले तेव्हा म्हणाले होते, दोन वर्षांत परत जाणार. ते १९७७ साल होतं. परत जाणारा माणूस इथला नागरिक कशाला होईल? एकदा यादी उघडून बघ. आणि वहिनीला म्हणावं, तूही बघ.

तुझी,
उत्तरा


आयसेलिन
२८ फेब्रुवारी १९८५

प्रिय उत्तरा,

तुझं पत्र हेमने जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाला, "उत्तराला पहिल्यापासून शंका काढायची सवय. पद्मजा, यादी बघितलीस ना तू?" मी "बघितली" म्हटलं. "ठीक आहे ना?" मी त्याला वरण वाढलं.

ठीक नाही. तीनशे अठरा घरांतली मिळून एकूण एक्केचाळीस माणसं यादीत आहेत. उल्हासराव नाहीत. नंदा नाही. साडीवाल्याच्या घरचं कोणी नाही. जे "नक्की" म्हणाले त्यांत कोणाचं मन वाईट नव्हतं, अगं. हेमने मत मागितलं, त्यांनी दिलं. आपल्याकडे ते आहे की नाही, हे बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता तू म्हणशील, मग सांगितलं का नाहीस? यादी त्याच्या हातात दिली तर तो पहिल्यांदा काय बघेल? स्वतःचं आडनाव. कोणीही तेच बघेल. आणि डीच्या पानावर देवस्थळी एकच आहे.

मी सिटिझन झालेली नाही. हे मी आज पहिल्यांदा कोणाला सांगते आहे. ब्याऐंशी साली हेमने शपथ घेतली, त्यानंतर तीन आठवड्यांनी नूअर्कला माझी तारीख होती. त्याच्या प्लांटवर काहीतरी फुटलं होतं, म्हणून मी एकटी गेले. बाकावर बसले. माझं नाव तीनदा पुकारलं. चुकीचं पुकारत होते, पण माझंच होतं ते. मी उठले नाही. खाली जाऊन कॉफी घेतली आणि घरी आले. घरी हेमने केक आणला होता, वर अमेरिकेचा झेंडा. केक आणल्यावर काय सांगणार?

का उठले नाही, तेही सांगते. तुला हसू आलं तरी चालेल. एकाहत्तर साली मी नागपुरात शिक्षिका होते. लोकसभेच्या निवडणुकीत ड्यूटी लागली. बावीस वर्षांची होते, माझी स्वतःची पहिली निवडणूक. दिवसभर बसून मी लोकांच्या बोटांना शाई लावली. आठशे बोटं असतील. माझं नाव दुसऱ्या बूथवर होतं. आमचं काम आवरून तिथे पोचले तोवर दार बंद झालं होतं. पुढच्या वर्षी लग्न होऊन इकडे आले. म्हणजे मी अजून आयुष्यात एकदाही मत दिलेलं नाही. ते माझं मत तिकडे राहिलेलं आहे. मला ते आधी देऊन यायचं आहे. त्या बाकावर बसले तेव्हा वाटलं, उठले तर ते गेलंच.

एवढंच कारण आहे. हेमसारख्या माणसाला हे कसं समजवायचं?

तर आता मी काय करते आहे ते ऐक. आपल्या एक्केचाळीस जणांना पत्रं टाकली. बाकी सगळी तिकिटं दुसऱ्यांना लावते आहे. यादीत गेल्या वर्षी कोणी मत दिलं त्याची खूण आहे. ते बहुतेक सगळे म्हातारे आहेत, इटालियन आणि पोलिश बायका जास्त. मी दुपारी गाडी घेऊन त्यांच्या रस्त्यांवरून फिरते, काय दिसतं ते बघते आणि मग लिहिते. एल्म स्ट्रीटच्या मिसेस साबातिनींच्या घरापुढे शाळेचं गटार तुंबतं. त्यांना लिहिलं की मी मैलापाण्याचा इंजिनिअर आहे आणि ते गटार मी स्वतः येऊन बघेन. खाली हेमचंद्र देवस्थळी म्हणून सही करते.

हे सगळं त्याला सांगू नकोस. त्या टायमरवाल्या सभेतून तो घरी आला तेव्हा अर्धा तास गाडीतच बसून होता. त्याला जिंकायला हवं.

तुझी,
पद्मजा


ॲन आर्बर
९ मार्च १९८५

प्रिय वहिनी,

मला हसू आलं नाही. खोटं कशाला सांगू, थोडं रडू आलं, आणि इथे कागदांवर पाणी पडू द्यायची सक्त मनाई आहे.

दादाला सांगणार नाही. पण तू सांग. तू सांगितलंस तर तो दोन दिवस गप्प बसेल. दुसऱ्याकडून कळलं तर किती दिवस बसेल, हे मला माहीत नाही.

आता माझी बातमी. पाचव्या खोक्यात परटाला दिलेल्या कपड्यांची यादी सापडली. टेबलक्लॉथ सहा, उशांचे अभ्रे बारा. वॅडलोबाईंनी, कॉन्स्टन्स तिचं नाव, घरच्या नोकरांसाठी लिहिलेली, खाली तिची सही. अक्षर बघितलं आणि मी उठून पहिलं खोकं परत उघडलं. वहिनी, ती नऊशे पत्रं वॅडलोची नाहीत. चिखल, गुडघे, कुत्र्याची जाळी, सगळं तिने लिहिलं आहे आणि खाली त्याची सही केली आहे. त्याचं स्वतःचं अक्षर कुठे आहे तर वाइनच्या ऑर्डरीत. प्रेमळ माणूस म्हणून मी ज्याची तारीफ केली होती ती ही बाई. आणि १९०६ साली तिथे बायकांना पार्लमेंटसाठी मत नव्हतं.

म्हणजे तिला देत नव्हते आणि तू घेत नाहीस, एवढा फरक आहे. तुझ्याजवळ निदान कारण आहे.

तुझी,
उत्तरा


आयसेलिन
२१ मार्च १९८५

चि. उत्तरा हिस,
अ. आ.

घाईत आहे. सगळं मी सांगितलं होतं तसंच चाललं आहे. एक गंमत म्हणजे परवा ग्रोसरीच्या दुकानात एका म्हाताऱ्या बाईंनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, गटाराबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला फार पटलं. मी गटाराबद्दल काहीही लिहिलेलं नाही. मी "थँक यू" म्हटलं. काल दुसऱ्या एकीने विचारलं, माझ्या मांजराची तुम्हाला कशी माहिती? या वयात माणसांचा गोंधळ होतो. डॉनलींचे मतदार असे आहेत, म्हणजे काळजीचं कारण नाही.

गटार मात्र मी जाऊन बघितलं. खरंच तुंबतं. पाइपचा उतार चुकला आहे.

तुझा,
हेमदादा


आयसेलिन
५ एप्रिल १९८५

चि. उत्तरा हिस,
अनेक आशीर्वाद.

देवस्थळी पाचशे एकाहत्तर, डॉनली पाचशे चाळीस. एकतीस मतांनी आलो.

मी म्हटलं होतं. माझ्या वहीत पाचशे ऐंशी पक्की होती, पाचशे एकाहत्तर आली. दीड टक्का चूक. इंजिनिअरिंगमध्ये एवढी चालते. आपली माणसं उगाच एकमेकांच्या पाठीमागे बोलतात, पण वेळ आली की उभी राहतात, हे मी आता कुणालाही छातीठोकपणे सांगेन. उल्हासरावांचा पहिला फोन. "वी डिड इट, हेम!" डोळ्यांत पाणी आलं. तुला म्हणून सांगतो.

मी दिवसभर मतदानाच्या शाळेपासून नियमाप्रमाणे शंभर फुटांवर उभा होतो. आपली माणसं मला फारशी दिसली नाहीत, पण शाळेला मागूनही दार आहे. पद्मजाने मोठी धावपळ केली. आमची गाडी फाटकाशी सात-आठ वेळा आली आणि दर वेळी तीन-तीन म्हाताऱ्या उतरल्या. डॉनलींच्या मतदारांना तू का आणतेस, असं विचारलं तर म्हणाली, "वय झालंय बिचाऱ्यांचं." असं मन आहे तिचं. तिने स्वतः कधी मत दिलं ते विचारायचं राहिलं. संध्याकाळी निकाल लागल्यावर ती एकदम खाली बसली. सुमेधा म्हणाली, "मॉम, वुई वन. व्हाय आर यू क्राइंग?"

आता शिष्टाचार. मत द्यायला आलेल्या प्रत्येकाची सही एका वहीत घेतात आणि ती वही निवडणुकीनंतर कोणालाही बघता येते. येत्या शुक्रवारी जाऊन आपल्या लोकांची नावं उतरवून घेणार आहे. प्रत्येकाला आभाराचं पत्र जायला हवं, या वेळी माझ्या अक्षरात.

तुझा,
हेमदादा
(सभासद, स्कूल बोर्ड)


ॲन आर्बर
९ एप्रिल १९८५

वहिनी,

दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सुमेधाने उचलला: "डॅडीज ॲट द स्कूल, मॉम्ज ॲट द स्टोअर." तिच्याजवळ काय निरोप ठेवणार? म्हणून हे एक्स्प्रेसने टाकते आहे. शुक्रवारच्या आत सांग. तो सह्यांची वही बघायला जाणार आहे.

उत्तरा


आयसेलिन
१६ एप्रिल १९८५

चि. उत्तरा हिस,
अ. आ.

वही बघितली. आपली सदतीस माणसं होती. बाकी पाचशे चौतीस मतं साबातिनी, कोवाल्चिक, रिझो वगैरे मंडळींची आहेत. मिसेस साबातिनींच्या सहीवर मी बोट ठेवलं. मग मला मांजर आठवलं.

वहीत यादीतली सगळी नावं छापलेली असतात, सही फक्त आलेल्यांची. डीचं पान आहे. डेव्हिस, मग मी, मग डेव्हलिन. माझ्या आणि डेव्हलिनच्या मध्ये कोणी नाही. मी दोनदा बघितलं. सवय आहे.

सेक्रेटरीबाईंनी विचारलं, काही चुकलंय का? मी म्हटलं, नाही, सगळं बरोबर आहे.

घरी काही बोललो नाही. पद्मजा गेले चार दिवस काहीतरी बोलायला येते, मग विचारते की चहा टाकू का. मी हो म्हणतो. फार चहा झाला आहे. एक्स्प्रेसचं एक पाकीट आलेलं टेबलावर पाहिलं, तुझं अक्षर होतं. माझं नव्हतं म्हणून फोडलं नाही.

मी अपमान करून घेतल्यासारखा बसलो आहे असं तुला वाटेल. पहिला दिवस बसलो होतो. ती सिटिझन झालीच नाही, हे तीन वर्षं मला कळलं नाही, मी चाळीस फुटी टाकीतली चार इंचाची गळती शोधणारा माणूस. झेंड्याचा केक मीच कापला होता.

दुसऱ्या दिवशी एक आठवलं. एकाहत्तरच्या एप्रिलात मी तिला बघायला नागपूरला गेलो होतो. तिने पोह्यांची बशी पुढे केली, तर उजव्या हाताची तीन बोटं नखांपाशी काळीनिळी. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "इलेक्शन ड्यूटी. महिना झाला, निघत नाही." मी विचारलं, तुम्ही कुणाला मत दिलंत? ती म्हणाली, "मला देता नाही आलं," आणि असं बघितलं की मी पुढे काही विचारलं नाही. मी त्याच क्षणी होकार ठरवला होता. हे तिला कधी सांगितलेलं नाही.

तुझ्या खोक्यात बघून एवढंच कळव. निवडून आल्यावर तुझा तो वॅडलो बायकोला काय म्हणाला?

तुझा,
हेमदादा


ॲन आर्बर
२३ एप्रिल १९८५

प्रिय हेमदादा,
सा. न.

सातही खोकी पुन्हा पाहिली. मतदारांना पत्रं आहेत, एजंटाला आहेत, बिशपला आहेत, वाइनवाल्याला पुष्कळ आहेत. बायकोला एक ओळ नाही. निवडणुकीआधी नाही, नंतरही नाही. कदाचित तो तोंडी काही म्हणाला असेल. ते आमच्याकडे येत नाही.

माझ्या साहेबांना मी म्हटलं की नोंद बदलून पत्रं कॉन्स्टन्सच्या नावावर लावू या. ते म्हणाले, सही कुणाची आहे? मी भांडते आहे.

तुझी,
उत्तरा


आयसेलिन
२२ मे १९८५

प्रिय उत्तरा,

तुझं एक्स्प्रेस पत्र शुक्रवारीच आलं, पण दुपारी. तोवर तो जाऊन आला होता. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळेना, आणि मला विचारायचं धैर्य होईना. महिनाभर आम्ही दोघं फार नीट वागलो. मला वाटलं, हे आता असंच राहणार.

आधी चांगलं सांगते. परवा हेमची बोर्डावरची पहिली मोठी सभा झाली. मी आणि सुमेधा मागे बसलो होतो. तो एकोणीस मिनिटं बोलला. नावावरून मुलांना वर्गात घालायची पद्धत, आकडे, तक्ते, सगळं. कोणी मध्ये बोललं नाही. टायमर त्याच्याच कोपराशी होतं, त्याने ते उचलून टेबलाखाली ठेवलं. ठराव झाला. सुमेधा कालपासून आपल्या वर्गात जाते. ती म्हणाली, "डॅड, यू वेर सो बोरिंग." त्याला कधी इतका खूश झालेला पाहिला नाही. शेवटी त्याने शाळेपुढच्या गटाराचा विषय काढला, तेव्हा मिसेस साबातिनी उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या.

त्या रात्री मी ठरवलं, उद्या सांगायचंच. सकाळी तो कामावर गेल्यावर कागदांचा ड्रॉवर उघडला, पासपोर्ट बाहेर काढून टेबलावर ठेवावा म्हणून. हेमने हा ड्रॉवर तेरा वर्षांत उघडलेला नाही, तुला माहीतच आहे. माझा पासपोर्ट ऑगस्टात संपतो. तो होता तिथेच होता, पण त्याखाली न्यूयॉर्कच्या आपल्या कॉन्सुलेटचा फॉर्म होता, नवीन भारतीय पासपोर्टसाठी. पूर्ण भरलेला. माझं नाव, वडिलांचं नाव, नागपूरचा पत्ता, सगळं हेमच्या त्या मुंगीच्या अक्षरात. दोनदा खोडलंय. फक्त सहीची जागा रिकामी, तिथे पेन्सिलीने फुली करून ठेवली आहे.

फॉर्मला टाचणीने एक चिठ्ठी लावली होती. मी जपून ठेवणार आहे, म्हणून तुला उतरवून पाठवते:

"प्रिय मतदार,
आपलं नाव आमच्या यादीत नाही, असं कळलं. ते जिथे असेल तिथे जपून ठेवावं. मत द्यायला आपण निघाल तेव्हा मी बरोबर येईन आणि नियमाप्रमाणे शंभर फुटांवर उभा राहीन.
आपला,
हेमचंद्र देवस्थळी"

अक्षर इतकं वाईट आहे की 'जपून' लागायला मला वेळ लागला. सही करून फॉर्म आजच टपालात टाकला.

तुझी,
पद्मजा